बाबांची पेटी

वडसा, मंगळवार, जानेवारी १९८६

बाबा नाटकात पेटी वाजवायला जाताना वाटेतच वारले. ओळख पटेपर्यंत त्यांची हार्मोनियमची पेटी पोलीस ठाण्यात बेवारस म्हणून जमा झालेली.

आज आईला घेऊन गेलो. पेटीवर खोळ तीच, आईनं हिरव्या लुगड्याची शिवलेली. ती खोळीवरून हात फिरवत राहिली.

हवालदार म्हणाले, "बाई, पेटी तुमचीच आहे, मले पटते. पण पावती नाई तं साहेब देत नाई. उद्या लिलाव आहे."

बाबांना त्यांच्या गुरूनं दिलेल्या पेटीची पावती कुठून आणू? बोली लावायची ऐपत नाही.

"खोळ तरी देता का, भाऊ?" आईनं विचारलं.

खोळीचीही नोंद झाली होती.

घरी आल्यावर म्हणाली, "उद्या जाय. कोन नेते, पाहून ये."

हो म्हणालो. पण पाहवेल का मला?