दोन नंबरची गाडी

नुमानसाहेब, सलाम.

आपल्या रेसिंग टीमचा नियम तुम्हीच केलात: दोन नंबरची गाडी एक नंबरच्या पुढे जाणार नाही. एक नंबरवर तुमचा मेहुणा कमाल, तोही तुमच्याच कृपेने. अकरा वर्षं मी त्याचा मागचा बंपर इतका पाहिला, की रिटायर झाल्यावर ईसा टाउनात स्कूलबस चालवतानाही कोणाला ओव्हरटेक करायचो नाही.

परवा जुन्या ड्रायव्हरांची स्टॉक कार रेस झाली. टीम जुनी, रेडिओवर तुम्हीच. शेवटच्या फेरीत मी कमालला गाठलं आणि तुमचा हुकूम आला, "इमाद, मागेच राहा!"

"साहेब, मी रिटायर झालोय," म्हटलं आणि गाडी आतल्या बाजूने काढली. पहिला आलो! लेक नाझिश स्टँडवरून ओरडली, "फायनली, अब्बा!"

मग तुमच्या नजरेआड कमालने मला कडकडून मिठी मारली. म्हणाला, "खलास, इमादभाई! आरशात सारखं तुमचंच तोंड बघून वैतागलो होतो."

हे पत्र पाठवणार नाही. मिठीचं कळलं, तर त्या बिचाऱ्यावर तुम्ही चौकशी लावाल.

आता कोणाच्याही मागे नसलेला,
इमाद