सगळी गाणी काळी दोनमध्ये

५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. आणि सोबत एक टपली.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. ऑपरेशनला वर्ष होत आलं. गळ्यातली गाठ गेली, डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली, आणि बाईसाहेब अजून लोकांना चिठ्ठ्या दाखवत फिरतात असं कानावर आलं. बस स्थानकात इतकी वर्षं माईकवरून गाड्या पुकारणारी माझी बहीण आता मागच्या खोलीत बसून वेळापत्रकं टाइप करते, हे काही मला पचत नाही. असो, भाषण देत नाही. तुझी वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे, त्यामुळे घरात माझ्यावर ओरडायला कोणी नाही. करमत नाही.

आता मुद्द्याचं. एप्रिलमध्ये तलावाच्या क्लबाने आमच्या बँडला बोलावलंय. आठवतो ना तो क्लब? आपला पहिला कार्यक्रम तिथलाच. पोहण्याच्या तलावाच्या काठावर स्टेज, खाली सगळं ओलं, म्हणून माझा स्पीकर फळ्यांवर चढवलेला. माईकला ओठ लागला की तुला झटका बसायचा. शेवटी तू हातभर लांब उभी राहून गायलीस आणि लोकांना वाटलं ही नवीन स्टाइल आहे. स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकू यायची सोय तेव्हा कुठली? तू माझ्या स्पीकरच्या खोक्याला पोटरी टेकवून उभी राहायचीस. सूर मी कानाने नाही, पायाने घेते, असं सगळ्यांना सांगायचीस. मी आपला खाली बेस गिटारवर तेच ते सूर फिरवत बसायचो आणि तू वर कुठल्या कुठे जायचीस. बेस वाजवणारा म्हणून मला कोणी कधी ओळखलं नाही. ती गाते ना, तिचा भाऊ, एवढीच ओळख होती. मला ती पुरायची.

बेकरीवाला अजून ड्रम वाजवतो, पोट तेवढं मध्ये येतं. वकील अजूनही गिटारचा आवाज वाढवतो आणि कमी कर म्हटलं की वाद घालतो. तुझ्यानंतर गायला बऱ्याच जणी आल्या, चांगल्या होत्या, पण त्या सगळ्या आमच्याबरोबर गायच्या. आमच्यातली कोणी झाली नाही. या वेळी तू यावंस आणि गावंस असं मला फार वाटतं. हट्ट म्हण हवं तर.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवलास तर नाही म्हणणार नाही.

तुझा,
दादा


१३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. टपली पोचली. सांभाळून ठेवली आहे, भेटीत परत करीन.

मी येणार नाही. उगाच आशेवर राहू नकोस, म्हणून आधीच सांगते.

तुला कोणी नीट सांगितलं नसेल. ऑपरेशनमध्ये गळ्यातली एक नस दुखावली. वरचा आवाज पार गेला. आता जे निघतं ते खालून, खरखरीत, मध्येच तुटणारं. बोलायला लागल्यावर पहिला फोन मी विजेच्या तक्रारीसाठी केला, तर पलीकडची मुलगी मला साहेब म्हणाली. दोनदा. मी फोन ठेवला आणि तेव्हापासून हातात घेतला नाही. घरात मी आणि मुलगा, आमचं खाणाखुणांवर भागतं. हे गेल्यापासून तसंही फार बोलायला माणूस कुठे होतं?

तुझ्याकडे आपल्या कार्यक्रमांच्या कॅसेट आहेत. त्यात मी जशी आहे तशी राहू दे. तुझ्या कानात मी अजून चांगली गाते. तिथे ही नवी बाई मला घुसवायची नाही.

आठवणींचं म्हणशील तर माझ्याकडेही काही कमी नाहीत. तुझ्या चष्म्याच्या दुकानामागची ती खोली, काचा घासून तुझी बोटं पांढरी झालेली, आणि त्याच बोटांनी तू तारांना हात लावलास की वकील ओरडायचा, अरे तारा खराब होतील. स्कूटरवर मागे मी, माझ्या पाठीवर तुझी बेस गिटार, माझ्यापेक्षा उंच. वळणावर तू वाकायचास आणि गिटारचं डोकं शेजारच्या सायकलवाल्याला लागायचं. शिव्या मात्र मला. हे सगळं आठवलं की रडू येतं, आणि रडण्याचा आवाजही आता माझा वाटत नाही. तेव्हा विषय इथेच संपव.

वहिनींना आणि नव्या बाळाला खूप खूप प्रेम. तू आहेस तसाच माझ्यावर लोभ करत राहा, फक्त हट्ट सोड.

तुझी,
धाकटी


४ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ. टपली नाही, आज पाठ थोपटतो.

तू पत्रात नाही म्हणालीस खरी, पण तुझ्या फोनवरून रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप मिळाला. मी पाठवलेलं पार्सल मिळालं, त्यातला चष्मा बरोबर बसतोय, गळा अजून धरलेलाच आहे पण काळजी नको. एवढंच. तरी मी पुन्हा पुन्हा ऐकला. धाकटे, तू उगाच घाबरली आहेस. आवाज खोल गेलाय हे खरं, पण वाईट कुठे आहे? भारदस्त आहे. माझ्या जिवाला केवढं बरं वाटलं ते सांगता येत नाही.

मग बेस मांडीवर घेतली. निरोप लावायचा, तार छेडायची, पुन्हा निरोप, पुन्हा तार. तुझं बोलणं कुठल्या सुरावर येऊन टेकतं ते शोधत बसलो. सापडली पट्टी. पूर्वी तू पेटीवरच्या काळी चारमध्ये गायचीस, आता तुझी पट्टी बरीच खाली, पांढरी एक. म्हणून आपली सगळी गाणी मी पांढरी एकमध्ये उतरवली. माझी जाड तार एवढी सैल करावी लागली की पायजम्याच्या नाडीसारखी लोंबते. महिनाभराने कार्यक्रम, म्हणून रोज संध्याकाळी प्रॅक्टिस सुरू केली आहे. वकील म्हणाला, हे गाणं आहे की अंत्ययात्रा? बेकरीवाला म्हणाला, पहाटे भट्टी पेटवायला उठणाऱ्या माणसाला या पट्टीत झोप येते. मी दोघांनाही सांगितलं, जी गाणार तिची पट्टी, हा आपला पहिल्यापासूनचा नियम आहे, पटत नसेल तर दार उघडं आहे. पुन्हा वाजवायला लागले.

निरोप मी कोणालाच ऐकवला नाही. तुझा आवाज म्हणजे काही प्रदर्शन नव्हे.

आता आम्ही तिघं तुझ्यासाठी जमिनीत शिरलो आहोत. ये. आणि माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा


११ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. तू बसला आहेस ना? नसशील तर बस.

तो आवाज तुझ्या भाच्याचा आहे.

त्याला पडसं झालं होतं. माझा फोन टेबलावर होता, मी खुणेने सांगितलं मामाला पार्सलचं कळव, तर त्याने लिहायचा कंटाळा म्हणून बोलून पाठवलं. गळा धरलाय तो त्याचा. तुझं पत्र वाचून आधी मला कळेचना. मग कळलं आणि जे हसू फुटलं ते थांबेना. मुलगा आतून धावत आला. त्याला पत्र दाखवलं तर तो पोट धरून खालीच बसला. मग मध्येच गंभीर होऊन म्हणाला, आई, किती दिवसांनी तुझा आवाज ऐकला.

काय रे हे दादा? एवढी वर्षं मी तुझ्या शेजारी उभी राहून गायले आणि तुला माझा आवाज आणि नाक चोंदलेल्या पोराचा आवाज वेगळा कळू नये? तुझे ते कान आहेत की चष्म्याच्या काड्या अडकवायच्या खुंट्या?

हसून झाल्यावर मात्र वाईट वाटलं. तीन म्हातारी माणसं रोज संध्याकाळी माझ्या मुलाच्या पडशाच्या पट्टीत प्रॅक्टिस करताहेत, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना. मुलगा कामावर गेला तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते. फ्रिज सुरू झाला. त्याच्या अंगाला पोटरी टेकवली आणि त्या घरघरीवर आवाज लावून पाहिला. तुटला. पुन्हा लावला. चार-पाच दिवस असंच केलं, शेजारणीला वाटलं असेल फ्रिज बिघडलाय. मुलाच्या फोनवर पेटीच्या पट्ट्या दाखवणारं काहीतरी आहे, त्यावर ताडून बघितलं. माझी पट्टी आता काळी दोन आहे. पांढरी एक नाही. एवढीही मी खाली गेलेले नाही, हे वकिलाला आवर्जून सांग.

प्रॅक्टिसला सुट्टी मिळणार नाही. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारच्या गाडीने थेट क्लबात येईन आणि संध्याकाळच्या गाडीने परत. एकच गाणं. जमलं नाही तर ते शेवटचं, मग पुन्हा कधी विचारायचं नाही. कबूल असेल तरच तारा लाव.

तुझ्या खुंट्यांना सांभाळ. लोभ तूर्त वाढलाय, सवय लावून घेऊ नकोस.

तुझी,
धाकटी


२२ एप्रिल

ती. सौ. वहिनींस,

सा. न. वि. वि. हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे. दादाला दाखवू नका.

तुम्ही पुढच्याच रांगेत होतात, म्हणजे सगळं पाहिलंत. पहिलं कडवं मी कसं गायले मला माहीत नाही. दुसऱ्याला आवाज तुटला आणि परत येईना. तोंड उघडं आणि आत काही नाही. वाटलं, संपलं, उतरून जावं. पण दादा तेच चार सूर खाली फिरवत राहिला, न घाबरता, जणू गाणं तिथे असंच थांबतं. बेकरीवाला त्याच्यासोबत राहिला. वकिलाने जन्मात पहिल्यांदा गिटारचा आवाज कमी केला. ते सूर किती वेळ फिरत होते देव जाणे. मग मी त्यावर पाय ठेवला आणि कडवं पुरं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक काय, तलावातून भिजून बाहेर आलेल्या मुलांनाही वाजवतात.

पण दादा. गाताना तो सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता, काचेवर चरा पडलाय का ते बघतो ना, तसा. पूर्वी तो कधी बघायचा नाही, मान खाली घालून वाजवायचा. खाली उतरल्यावर त्या गर्दीत मी मागून विचारलं, कसं झालं. तो वळलासुद्धा नाही, वायरी गुंडाळत राहिला. स्थानकावर सोडायला आला तेव्हा बॅग सांभाळ म्हणाला. आवाजाबद्दल एक शब्द नाही.

मला राग नाही आला. मला कळलं. त्याला जुनी मी हवी होती, ती आता नाही, आणि त्याला ते तोंडावर सांगवेना. मी पुन्हा गाणार नाही. त्याने पुढचा कार्यक्रम घेतलाय असं बेकरीवाला म्हणत होता, त्यात माझं नाव नको, एवढं तुम्ही तुमच्या पद्धतीने त्याच्या कानावर घाला.

बाळ गोड आहे. माझ्यावर माया असू द्या.

तुमची,
धाकटी


२९ एप्रिल

चि. धाकटीस,

अ. उ. आ. तुम्ही दोघं भावंडं म्हणजे माझ्या डोक्याला ताप आहात. दोघांनीही माझ्याकडे गुपितं ठेवायला द्यायची आणि मी ती सांभाळत म्हातारी व्हायची. आता पुरे झालं, मी दुसऱ्याचं गुपित फोडते.

तुझ्या दादाला ऐकू येत नाही.

अगदीच नाही असं नाही. इतकी वर्षं ड्रमच्या झांजा त्याच्या डाव्या कानाशी वाजत आल्या. गेल्या वर्षी मीच धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वरचे आवाज गेलेत, खालचे शाबूत आहेत. पक्षी गेले, दाराची बेल गेली, बायकांची बोलणी अर्धी गेली. नातीला बघायला आला तर बाळ शेजारी टाहो फोडतंय आणि हा शांतपणे पेपर वाचतोय. तू फोन घेत नाहीस म्हणून तो पत्र लिहितो असं तुला वाटतं. अगं, त्याला फोन नकोच होता, त्याची सोय झाली. भाच्याचा आवाज तुझा वाटला तो असा. मला म्हणाला होता, धाकटीला सांगायचं नाही, तिचं स्वतःचं काय कमी आहे?

आणि तोंडाकडे बघतो ते सगळ्यांच्याच बघतो. ओठांवरून वाचतो. तुझा प्रश्न त्याच्या पाठीमागून, गर्दीत. त्याला तू बोललीस हेच कळलं नसणार.

तुला स्थानकावर सोडून तो परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ढसाढसा रडला. लग्न झाल्यापासून मी त्याला असा पाहिला नव्हता. का रडला ते मी सांगत नाही, त्यालाच लिहायला बसवलंय. तुझं पत्रही त्याला दाखवलं. रागावायचं असेल तर रागाव, माया कमी व्हायची नाही.

तुझी,
वहिनी


३ मे

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

तुझ्या वहिनीने माझं पितळ उघडं पाडलं, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही.

मागच्या वर्षी आपली जुनी कॅसेट लावली. मी ऐकू आलो, बेकरीवाल्याचा मोठा ड्रम ऐकू आला, आणि तू जिथे असायला हवी होतीस तिथे काहीच नाही. आधी वाटलं कॅसेट खराब झाली. दुसरी लावली, तिसरी लावली. सगळीकडून तू गेलेली. मी पाठ असलेली गाणी लावून तुझी जागा मोजत बसलो. त्यानंतर कॅसेटना हात लावला नाही. तू लिहिलंस ना, तुझ्या कानात मी अजून चांगली गाते, ते वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि फिरायला निघून गेलो.

त्या दिवशी क्लबात तू पहिली ओळ घेतलीस आणि मला ऐकू आलीस. शब्द न् शब्द. खरखर, श्वास, तुटलं ते, परत आलीस ते, सगळं. खात्री पटेना म्हणून ओठांकडे बघत राहिलो, की हे मी ऐकतोय का फक्त बघतोय. शेवटच्या कडव्याला डोळे मिटले तरी तू होतीस. स्थानकावर गाण्याबद्दल तोंड उघडलं असतं तर चारचौघांत रडलो असतो, म्हणून बॅगेचं बोललो.

जुना आवाज सगळ्यांना आवडायचा, मलाही. पण तो आता माझ्याजवळ नाही. हा आहे. डॉक्टरांना मी विचारलंय, पुढे काय होणार. ते म्हणाले, अजून जाईल, पण वरून जात जात खाली येईल. खालचं सगळ्यात शेवटी जाईल. म्हणजे बायकोचं ओरडणं जाईल, वकिलाची गिटार जाईल, आणि तू माझ्यापाशी शेवटपर्यंत राहशील.

पुढचा कार्यक्रम जूनमध्ये आहे. सगळी गाणी काळी दोनमध्ये लावली आहेत.

तुझा,
दादा