काशीच्या गालावरची तीट

आई,
मस्कतहून हर्षदाचा वाकून नमस्कार.

आम्ही तिघं बरे आहोत, पण आपल्या विकासच्या हळदीला येता येणार नाही. काशीचा पासपोर्ट पुढच्या महिन्यात संपतोय. आमचे दहा वर्षांचे, म्हणून तिचाही तेवढाच धरून बसलो. लहान मुलांचा पाचच वर्षं चालतो. नवा मिळेपर्यंत इथून हलता येत नाही. तुझे जावई माझ्यावर चिडतात, मी त्यांच्यावर.

पासपोर्टच्या कचेरीत तीन चकरा झाल्या. काल खिडकीवरच्या बाईंनी तिचा तान्हेपणीचा फोटो बघून विचारलं, "गाल पे तिल था, कहाँ गया?" तीळ कसला! उल्हासनगरच्या स्टुडिओत शिरताना तूच लावलेली तीट ती. हसायचं सोडून मला तिथेच रडू आलं.

विकास माझा फोन उचलत नाही, तू समजाव त्याला. बाबांचा खोकला कसा आहे? मांडव दारातच घालताय ना?

नवा फोटो कोऱ्या गालाचा काढला. घरी आल्यावर काशी म्हणाली, "आता आजीची तीट लाव." काजळ नव्हतं, पेनानेच लावली. आज आंघोळीला ती गाल धुऊ देत नाही.

तुझी दमलेली लेक,
हर्षदा