‘दहा पुरतात’ म्हणणाऱ्यांना वगळून

मी, ओव्हीद मेलान्सोन, वय एक्क्याऐंशी, धंदा होड्या बांधण्याचा, राहणार पॉइंट सोरेल, लुईझियाना, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझी सर्व अवजारं पुतणी सेलेस्त हिला. शेजारचा ड्यूई आर्सेनो रंधे मागायला येईल. त्याला देऊ नयेत, उसनेसुद्धा नाहीत.

२. कारण लिहितो. १९९४ साली लूसियन बातीस्त या काळ्या पोरावर एका दुकानदाराच्या खुनाचा खटला चालला. आम्ही बारा ज्युरी, ड्यूई आमचा प्रमुख. डोळ्यांनी पाहिल्याचं सांगणारी साक्षीदार एकच, तिनेही जबानी दोनदा फिरवली. खोलीचं दार लागलं आणि ड्यूई म्हणाला, "साक्षी कसल्या चिवडत बसता? त्या वस्तीतली सगळी पोरं तसलीच. जेवायच्या आत उरकू."

मी आणि शिक्षिका अर्लीन पोशे ‘दोषी नाही’ म्हणालो.

"बसा म्हणत," तो हसला. "दहा पुरतात."

तेव्हाच्या कायद्याने बारांपैकी दहा खरंच पुरायचे. लूसियनला जन्मठेप झाली.

मी न्यायाधीशांना गाठलं. ते म्हणाले, "ज्युरीच्या खोलीतलं बोलणं कोर्टाला ऐकता येत नाही, मेलान्सोन." मग सांगायचं कोणी? आत आमच्याशिवाय होतं कोण? गेल्या वर्षी वरच्या कोर्टाने ठरवलं, बाराही जणांचं एकमत हवं. यंदा म्हणतात, निकाली निघालेल्या जुन्या खटल्यांना ते लागू नाही!

३. त्या दहांपैकी कोणीही माझ्या शवपेटीला हात लावू नये.

४. राहतं घर लूसियनला, असं आधी लिहिलं होतं. तुरुंगात जाऊन त्याला सांगितलं.

"काका, राग मानू नका. पाव आणायला गेलो तरी त्यांच्यातलं कोणीतरी भेटणार. मला नको ते गाव."

"म्हणजे गाव त्यांनाच सोडायचं?" मी चिडलोच.

"तुम्ही भांडा की त्यांच्याशी. मला नुसतं बाहेर यायचंय."

सबब घर विकावं. त्यातून आधी त्याचा वकील करावा. उरेल त्यात तो सुटल्यावर त्याला घर घेऊन द्यावं. गाव तो निवडेल. मला विचारलं असतं तर मी हेच गाव म्हटलं असतं. पण मला विचारू नये.

वरील मजकूर वाचून, आमच्यादेखत सही झाली:

ओव्हीद मेलान्सोन

साक्षीदार: अर्लीन पोशे, निवृत्त शिक्षिका
साक्षीदार: हार्लन द्युप्ले, औषधविक्रेता

पॉइंट सोरेल, १२ ऑक्टोबर २०२१