बंद खिडक्यांचा हॉल

२० एप्रिल
आज तळेगाव ढमढेऱ्यात रुजू झालो. मंगल कार्यालयाचा मॅनेजर! एसी हॉल, आठशे खुर्च्या, मागे राहायला खोली. मालक बापूसाहेब दिलखुलास माणूस. भांडी घासणाऱ्या सोजराबाईंनी पहिल्याच दिवशी पोटभर जेवू घातलं. बापूसाहेबांची सूचना एकच, की लग्न चालू असताना खिडकी उघडायची नाही. गारवा जातो.

२३ एप्रिल
पहिलं लग्न पार पडलं. वऱ्हाड कवठे येमाईचं. माणसं हजारावर, भिंतीला टेकून उभी. नवरीच्या आजोबांना सारखी ढास लागत होती. तरी पुढच्या सोफ्यावर बसून प्रत्येकाशी कानाला लागून बोलत होते. बँडच्या आवाजात दुसरा इलाज नव्हता. सोजराबाई आत अक्षता वाटत होत्या.

२७ एप्रिल
नवरीच्या वडिलांचा फोन आला. आजोबा गेले. घरातले अकरा जण तापानं आडवे. सोजराबाईही खोकताहेत.

३० एप्रिल
सरकारी डॉक्टर येऊन गेले. कोण कुठे बसलं होतं, ते विचारलं. आठवून सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं. बाहेर मांडवात वाढणारे सगळे ठणठणीत. आजारी पडले ते फक्त हॉलमधले. एसी तीच हवा फिरवत राहतो, खिडक्या उघडा, असं डॉक्टर म्हणाले. मी उघडल्या. संध्याकाळी बापूसाहेबांनी सगळ्या खिडक्या लावून त्यांना स्क्रू मारून घेतले.

४ मे
आणखी दोन लग्नं. पाय ओढत चालतोय. सोजराबाईंना शिरूरला दवाखान्यात पोचवलं. ऑक्सिजन लावलाय. माझा हात धरून म्हणाल्या, "तू तिथं ऱ्हाऊ नगंस, बाबा."

७ मे
सोजराबाई गेल्या.
मलाही कणकण आहे. उद्याचं लग्न बाहेर मांडवात घेऊ म्हटलं. बापूसाहेब म्हणाले, उन्हात पाहुणे बसवायचे का? रजा मागितली. दुसरा माणूस नाही म्हणाले.

८ मे
ताप — उभं राहवेना. ऑफिसात येऊन बसलोय. काचेपलीकडे हॉल गच्च. खोकला इकडून. मग तिकडून —

सकाळपासून दारात मीच होतो. गंध लावत. प्रत्येकाच्या कानाशी वाकून बोलत — प्रत्येकाच्या —

खुटबावची एक बाळंतीण आली होती. तिला चपला काढता याव्यात म्हणून तान्हं मीच घेतलं. दोनच मिनिटं. मला ढास लागली, तर ते माझ्या तोंडाकडे बघून हसलं, आणि मी —