वलांडीचा बांबू

बाबा, काल टीव्हीवर फुटबॉलच्या मारामारीचा पिक्चर लागला होता, तिकडच्या गोऱ्यांचा. मॅच राहते बाजूला आणि बघायला आलेलेच एकमेकांची डोकी फोडतात. बाटल्या, खुर्च्या, हाताला लागेल ते. मारून झालं की गळ्यात गळे घालून गातात. असं रंगवून दाखवतात की बघणाऱ्यालाही वाटावं, आपणही असावं त्यांच्यात. बाई एकच, ती दारात उभी राहून "जाऊ नको" म्हणते, पिक्चरभर तेवढंच. फुटलेल्या काचा कोण झाडतं ते काही दाखवत नाहीत. मला मेलीला आधी हसू आलं, मग आपल्याकडची मॅच आठवली.

आपल्या घिवलीत वेगळं मैदान कुठलं? बोंबील वाळत घालायच्या वलांड्या उतरवल्या की तेच मैदान. मॅच असली की आम्ही बायका सकाळीच दोऱ्या सोडून बांबू कडेला रचायचो. त्या वर्षी तू म्हणालास, अर्ध्याच उतरवा, बाकीच्यांवरचा माल ओला आहे. झालं! गोल झाला की नाही यावरून पेटलं आणि दोन्ही गावच्या पोरांनी उभ्या वलांड्यांचेच बांबू उपसले. सगळा माल वाळूत. तू मध्ये पडलास, सोडवायला की मारायला ते देवाला ठाऊक, आणि एक आडदांड मागून तुझ्यावर बांबू उगारून आला. त्याच्या मनगटावर जो फटका बसला तो माझा होता. तू वळलास आणि मला बांबूसकट पाहिलंस.

त्या संध्याकाळी टीमची पोरं आपल्या ओट्यावर बसलीयत. आई त्यांना हळद लावतेय, मी वाळूतले बोंबील धुतेय, आणि तू सांगतोयस की तुझ्या लाडक्या गोलकीपरनं तो आडदांड कसा आडवा केला. तो लबाडही मान खाली घालून ऐकतोय. मी म्हटलं, बाबा, तो फटका माझा होता. तू हसला नाहीस, रागावलाही नाहीस.

"तू बोंबील धू, बाय. ह्ये आमच्यातलं हाय."

तेव्हा बोईसरला व्हिडिओवर पिक्चर दाखवणारे नुकते आले होते. असलाच एक पिक्चर लागला तर तू अख्खी टीम घेऊन गेलास. मी बाजारात सुकी मासळी विकून रिकामी टोपली घेऊन बाहेर उभी. दाराच्या पडद्याच्या फटीतून पिक्चर दिसला नाही, तुझा हात दिसला, त्या गोलकीपरच्या मानेवर. सवतीचाही कोणी करत नसेल इतका दुस्वास मी त्या पोराचा केला. तू गेलास तेव्हा खांदाही त्यानंच दिला. आता त्याचे दात पडलेत. मासळी घ्यायला आला की म्हणतो, तुझा बापूस वाघ होता. मी त्याला वर एक बोंबील घालत नाही. घालणारही नाही.

कालच्या पिक्चरमध्ये तुझ्यासारखा एक आहे, पोरांचा म्होरक्या. मारामारी संपल्यावर तो एका रक्ताळलेल्या पोराजवळ येतो आणि त्याच्या मानेवर हात ठेवतो. नातवानं मला तो पिक्चर मोबाईलवर शोधून दिला. हे लिहिलेलं काही तुला पोचायचं नाही, आणि तू असतास तरी त्या गोलकीपरकडूनच वाचून घेतलं असतंस, म्हणून दिलंच नसतं. पण खरं सांगते, आज दुपारी घरात कोणी नव्हतं तेव्हा मी तेवढाच भाग परत परत लावला. तो हात येतो ना, तेव्हा मी माझी मान जराशी पुढे करते.