रांजणडोहावर देव नाही

मी, फुलाबाई रतन ओव्हाळ, वय ७३, धंदा शेती, धर्म बौद्ध, राहणार टेपवस्ती, तालुका भोर, जिल्हा पुणे, पूर्ण भानावर राहून, कुणाच्या धाकाने किंवा भरीस घातल्याने नव्हे, तर राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर आणि सव्वा एकर भातखाचरं मुलगा अमृत आणि सून दीपमाला यांना निम्मी-निम्मी. अमृत भोर डेपोत एसटी चालवतो, त्याला खाचरात उतरायला सवड नाही. म्हणून शेतीत शब्द दीपमालाचा चालेल. त्याला राग येईल, येऊ दे. लावणीला कोण वाकतं ते मी पाहिलंय.

२. पुतण्या पप्पू यास माझ्या मिळकतीतलं काही नाही. मागल्या वर्षी त्याने न विचारता माझा बांध फोडला, डोहापाशी एका धोंड्याला शेंदूर फासला आणि देऊळ बांधायला सिमेंटच्या गोण्या आणून टाकल्या. पोरगं कष्टाळू आहे, पण हावरं. तरी खरं सांगायचं तर त्या शेंदराचं मूळ माझ्यातच आहे.

३. माझ्या अंगणातून रांजणडोहाला वाट जाते. वरून धबधबा पडतो, खाली कातळात पाण्याने कोरलेले रांजण आहेत. बघताना गुडघाभर वाटतात, आत पुरुषभर खोल. २०११ च्या श्रावणात एका रविवारी पुण्याची अकरा पोरं वर गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. मला दहाच दिसल्यासारखी वाटली. एक मागून येत असेल म्हणून मी सुपातून मान वर केली नाही. पोरांना वाटलं, तो दुसऱ्या गाडीत बसला. सकाळी तो रांजणात सापडला. त्याचं नाव स्वरूप, वय बावीस. माझ्या सुपाची गोष्ट मी यंदाच्या भादव्यापर्यंत मनातच ठेवली होती.

तेव्हापासून वर जाणाऱ्या प्रत्येकाचं पायतान मी अंगणातल्या फळीवर ठेवून घेते. फळीवर जोड उरला म्हणजे माणूस वर आहे. मग शिट्टी फुंकते आणि दोर घेऊन निघते. पाच वेळा उरला, पाचही जण चालत खाली आले. शिवाय अनवाणी माणूस जपून पाय टाकतो, धबधब्याच्या माथ्यावर चढत नाही, कातळावरची फुलं तुडवत नाही. पण म्हातारीचं ऐकतंय कोण? म्हणून म्हणायचे, "देवाचं ठिकाण हाय, पायतान हितंच काढा." लगेच काढायचे. दीक्षा घेतलेल्या घरातली मी, आणि देव उभा केला!

वकील माधुरीताई म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत." म्हटलं, मग कशात लिहितात?

तर जाहीर करते की रांजणडोहावर देव नाही, कधी नव्हता. तिथे देऊळ बांधू नये. हे शेजारीण धोंडाबाईला वाचून दाखवलं तर ती ओरडली, "अगं भवाने, बारा वर्सं नारळ फोडलं की म्या तिथं!" म्हटलं, खोबरं तर दोघींनीच खाल्लं. मग पोट दुखेपर्यंत हसलो.

४. भीती एकच होती. देव काढला तर चपला कोण काढणार, आणि माझ्यामागं कुणी वर राहिलं तर कळणार कसं? यंदाच्या श्रावणात खरं सांगून पाहिलं. "देव न्हाई बाबांनो. मोजायला ठिवते. एकदा एक जण वर राह्यला व्हता." दंगा करणारी पोरं फळीपाशी आली. एकेकाने वाकून बूट काढले आणि जोड नीट लावून ठेवले. हुश्श झालं मला. उगाच इतकी वर्षं खोटं बोलले.

५. म्हणून अंगणापासून डोहापर्यंतची पाच फुटी वाट सर्वांच्या वहिवाटीसाठी कायम खुली ठेवते. ती विकू नये, अडवू नये, सिमेंट घालू नये. एका वेळी तीस माणसं, चारनंतर कुणी नाही, आणि पाणी डोहाकाठच्या उंबराच्या मुळीला लागलं की वाट बंद. मग समोर मंत्री का असेना. फळी, शिट्टी, दोर दीपमालाकडे. ती स्वतःहून "व्हय" म्हणाली आहे.

६. भादव्यात एक बाई एकट्याच आल्या. सुलक्षणा, स्वरूपच्या आई. मी त्यांना सुपासकट सगळं सांगितलं. म्हटलं, "तवाच वरडले असते, तर उजेड व्हता अजून." त्या उठून अंगणाबाहेर गेल्या. मला वाटलं, गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या, पाणी मागितलं आणि म्हणाल्या, "मला वाटायचं, तो नाहीये हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. तुमच्या आलं होतं." मी रडले. मग त्यांनी विचारलं, "आत्ता वर किती जण आहेत?"

म्हटलं, सात.

आम्ही दोघी ओट्यावर बसून राहिलो. सातवा वळणावर दिसला तेव्हा त्यांनी माझा हात सोडला.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

सही: फुलाबाई रतन ओव्हाळ
साक्षीदार: १) धोंडाबाई रखमाजी शिळीमकर, टेपवस्ती (डाव्या हाताचा अंगठा)
२) सुलक्षणा आनंदराव जगदाळे, पुणे
ठिकाण: भोर
दिनांक: ७ ऑक्टोबर २०२४